जिलेबीचा रंग आणि आमच्या क्रॉसचं ड्रेनेज

शिवायला टाकलेलं ब्लाउज आणायला गेले, तेव्हा अक्का मशीनवर नव्हत्या. अंगणात पाण्याच्या मीटरसमोर स्टूल टाकून, चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या.

"ये गं," त्या म्हणाल्या. "हे बघ. घरातले सगळे नळ बंद केले मी. तरी काटा फिरतोय. खोटं मीटर बसवून गेलेत, अल्वा, हो ना?"

काटा खरंच फिरत होता. अगदी सावकाश, पण थांबत नव्हता.

अक्का सरस्वतीपुरममधल्या आमच्या क्रॉसच्या अगदी खालच्या टोकाला राहतात. म्हैसूरमध्ये गल्लीला क्रॉस म्हणतात. त्यांचं घराणं जुन्या म्हैसूर संस्थानात शिपाईगिरीसाठी आलेल्या मराठ्यांपैकी. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही ठाऊक नाही. घरात मराठी, पण प्रत्येक वाक्याचा एक पाय कन्नडमध्ये. यजमानांचं देवराज मोहल्ल्यात टेलरिंगचं दुकान होतं. ते गेल्यावर अक्कांनी दुकान सोडलं, मशीन घरी आणलं, आणि आता आमच्या भागातली निम्मी ब्लाउजं त्यांच्याच हातची असतात.

मी सांगलीची. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आले. कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या आठवड्यात दारात येऊन "नीरु आलं का तुमच्याकडे?" असं विचारणाऱ्या अक्काच होत्या. पाणी आलं का विचारतायत, हे मला त्यांच्या हातातल्या रिकाम्या कळशीवरून कळलं. तेव्हापासून आमचं जमलं.

त्या दिवशी हळूहळू सगळं बाहेर आलं. बिल वाढत चाललं होतं. मीटर खोटं आहे म्हणून अक्कांनी भरणंच बंद केलं होतं, आणि आता कनेक्शन तोडण्याची नोटीस आली होती.

"तोडू दे," त्या म्हणाल्या. "मी एकटी बाई. येवढं पाणी मी कुठं वापरते, हेळु, सांग बघू."

त्यात काही खोटं नव्हतं. अक्का अर्ध्या बादलीत आंघोळ करत. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं कुंडीला. मशीनचं तेल लागलेले हातसुद्धा आधी चिंधीला पुसून मग तांब्याभर पाण्यात धूत. इतकं जपून वापरणाऱ्या बाईला इतकं बिल येतं, याचाच मला राग आला. मी घरी गेले आणि जिलेबीच्या रंगाची बाटली घेऊन आले.

माझा घरगुती फराळाचा धंदा आहे. चकली, चिवडा, शेव, आणि ऑर्डर असेल तर जिलेबी. आधी म्हैसूरमधली मराठी मंडळीच घेत, मग कन्नड घरांतूनही मागणी येऊ लागली. माहेरी वडील फ्लशच्या टाकीत नीळ टाकून गळती शोधायचे, ते मला आठवलं. नीळ नव्हती, पण केशरी रंग भरपूर होता. अक्कांच्या टाकीत तो ओतला आणि त्यांना सांगितलं, "आता कुणी फ्लश ओढायचा नाही. आपण चहा घेऊ."

"संडासात रंग टाकून चहा पिणारी तूच एक," अक्का म्हणाल्या, पण त्यांनी चहा टाकला.

चहा पिऊन आत गेलो तर कमोडमधल्या पाण्यात केशरी धार उतरलेली. वरून बारीकशी रेघ, खाली सगळं पाणी रंगलेलं. अक्कांनी गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, बराच वेळ पाहिलं.

"जिलेबी झाली की गं," त्या शेवटी म्हणाल्या.

टाकीतला रबराचा वायसर झिजला होता. पाणी आवाज न करता रात्रंदिवस वाहत होतं. अक्का भांड्यात वाचवत होत्या ते सगळं, आणि त्याच्या कितीतरी पट जास्त, तिथून जात होतं. प्लंबरने वायसर बदलला. अक्का पुन्हा मीटरसमोर स्टूल टाकून बसल्या. काटा थांबला होता. त्या उठल्या तेव्हा स्वयंपाक करायची वेळ टळून गेली होती.

बिलाचा प्रश्न मात्र उरलाच. पाण्याच्या ऑफिसात जायला त्या तयार नव्हत्या.

"हात पसरायला मला नाही जमत."

"हात कुठं पसरायचाय, अक्का? गळती होती, ती आम्ही बंद केली, एवढं सांगायचंय. थकलेलं बिल हप्त्यांनी भरता येतं का ते विचारायचंय. विचारणं म्हणजे भीक नव्हे."

शेवटी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली आणि आम्ही सिटी बसने गेलो. काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, प्लंबरची पावती पाहिली, अर्ज कसा करायचा ते सांगितलं. मीटर पाहायला माणूस पाठवू म्हणाल्या आणि थकबाकीचे हप्ते करून दिले. कनेक्शन तोडायचं थांबलं. इतकं सोपं असेल असं मलाही वाटलं नव्हतं. बाहेर पडल्यावर अक्का जिन्यात थांबल्या.

"मीटर खोटं आहे असं मी कुठं लिहून तर दिलं नाही ना?"

"नाही."

"मग आयतु, झालं तर," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या हॉटेलात मला आग्रहाने डोसा खाऊ घातला.

दसऱ्यानंतर म्हैसूरला संध्याकाळचा पाऊस येतो. दिवसभर ऊन, आणि चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं. त्या वर्षी एका संध्याकाळी तो असा कोसळला की समोरचं घर दिसेना. मी चकल्या तळत होते. अक्कांचा फोन आला. "लौकर ये," एवढंच बोलल्या.

त्यांच्या घरात शिरले आणि वास आला. न्हाणीघराच्या जाळीतून ड्रेनेजचं पाणी उलटं वर आलं होतं. पॅसेज ओलांडून पुढच्या खोलीत पोचलं होतं. तिथे चटईवर एका लग्नाची ब्लाउजं रचून ठेवलेली. अक्कांनी हाताला येतील ती पलंगावर फेकली होती, पण खालची रेशमी भिजलीच. त्या मशीनच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि मांडीवर उरलेलं कापड धरून ठेवलं होतं.

पाऊस थांबल्यावर पाणी आपोआप उतरलं. आम्ही दोघींनी फिनेल टाकून फरशी घासली. अक्का रडल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "लग्नघरी काय सांगू? कसलं पाणी लागलं म्हणून सांगू?"

दुसऱ्या दिवशी क्रॉसमधली माणसं वरच्या टोकाच्या घराच्या पोर्चमध्ये जमली. हे तीन मजली घर गुळाच्या एका घाऊक व्यापाऱ्यांचं. मंडी मोहल्ल्यात त्यांची पेढी आहे. सगळे त्यांना यजमानरु म्हणतात. कन्नडमध्ये हा मानाचा शब्द. मराठीत यजमान म्हणजे नवरा, त्यामुळे नवीन असताना त्यांना हाक मारायला मला फार अवघड जायचं. वरच्या मजल्यांवर ते कॉलेजच्या मुलींना खोल्या भाड्याने देत. माणूस सरळ, पण एकदा मनात आलं की त्यांना दुसरं ऐकू येत नसे.

त्यांच्या मनात त्या दिवशी माझी कढई होती.

"पाइप कशाने तुंबतो?" ते कन्नडमध्ये सगळ्यांना म्हणाले. "तेलाने. आपल्या क्रॉसमध्ये इतकं तेल कोण वापरतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की तळणीचं उरलेलं तेल मी डब्यांत साठवते, ते नेणारा माणूस महिन्याच्या महिन्याला येतो. भांडीसुद्धा घासायच्या आधी कागदाने पुसून घेते. ते मान हलवत राहिले. घरात असला धंदा चालवायला परवानगी आहे का, हे कुठेतरी विचारावं लागेल, असं ते बोलले आणि बैठक संपली. घरी आल्यावर मी आधी कढईसमोर जाऊन उभी राहिले. त्या कढईवर माझ्या मुलीचं शिक्षण चाललं होतं.

तक्रार केल्यावर ड्रेनेज साफ करणारी गाडी आली. चेंबरमध्ये कुणी उतरलं नाही, मशीनच्या पाइपानेच सगळं ओढून काढलं. आत नारळाच्या शेंड्या होत्या, शाम्पूच्या पुड्या, वेट वाइप्सचे गोळे, सॅनिटरी पॅड, एक मोजा. चरबीचे गोळेही होते, ते प्रत्येकाच्याच मोरीतले. यजमानरुंनी नेमकं त्याकडे बोट दाखवलं.

अक्का मला घेऊन वरच्या मजल्यावरच्या मुलींकडे गेल्या. "बाळांनो, लाज वाटायचं काम नाही," त्यांनी कन्नडमध्ये सुरुवात केली. "पॅड कागदात गुंडाळायचं आणि डब्यात टाकायचं. संडासात टाकलं की ते माझ्या न्हाणीत येतं. खरंच येतं. मी पाहिलंय." एकीने विचारलं, मग डबा कुठे ठेवायचा. अक्कांनी प्रत्येक खोलीसाठी उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या आणि मजल्यावर झाकणाचा डबा ठेवायला लावला. त्यानंतर ती गोष्ट पुन्हा सांगावी लागली नाही.

पाइप मोकळा झाला. सगळ्यांना वाटलं, मिटलं. पुढच्या जोरदार पावसात अक्कांच्या न्हाणीत पाणी पुन्हा वर आलं.

या वेळी मी घाबरण्याऐवजी विचार करत बसले. माझी कढई रोज चालते. क्रॉसमधली मोरी, संडास, कपडे, भांडी, सगळं रोज चालतं. मग पाणी फक्त पावसातच का उलटतं? आमच्याकडे रस्त्याकडेला पावसाच्या पाण्याचं उघडं गटार आहे आणि रस्त्याखाली घरातल्या घाण पाण्याची वेगळी लाइन. खालच्या लाइनीत पावसाचं पाणी जायलाच नको. जात असेल, तर ते कुणाच्या तरी गच्चीवरून जात होतं.

मी यजमानरुंकडे गेले. ते पोर्चमध्ये पेपर वाचत होते.

"मला सगळ्यांच्या गच्च्यांवर रंगीत पाणी ओतायचंय," मी म्हणाले. "ड्रेनेजचं झाकण उघडून बघायचं, रंग येतो का."

"आणि नाही आला तर?"

"तर कढई मी बंद करते."

हे शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"सरि, चालेल," ते म्हणाले. "रविवारी."

रविवारी स्वच्छ ऊन पडलं होतं. आमच्या चेंबरचं झाकण दोघांनी मिळून उचललं. बघायला बरीच माणसं आली होती. मी हट्टाने माझ्याच घरापासून सुरुवात केली. नवऱ्याने गच्चीवरच्या पाइपात केशरी बादली ओतली. चेंबरमध्ये काही आलं नाही. रंग रस्त्याकडेच्या उघड्या गटारात उतरला आणि वाहून गेला. पुढच्या घराचंही तसंच. त्याच्या पुढचंही. माणसं हळूहळू पांगायला लागली. यजमानरु हात मागे बांधून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. त्याचंच मला जास्त दडपण आलं.

मग समोरच्या एका घराचा रंग चेंबरमध्ये दिसला. फिकट, पण दिसला. जाणारे परत फिरले. शेवटी यजमानरुंचं घर उरलं. त्यांची गच्ची क्रॉसमध्ये सर्वांत मोठी. वरून मुलींनी बादल्यांमागून बादल्या ओतल्या. आम्ही वाकून पाहत होतो. आधी आवाज आला, खळखळता. मग चेंबरमधल्या पाइपाच्या तोंडातून लख्ख केशरी पाणी उसळून बाहेर पडलं, आणि आतल्या भिंतींवर उडालं.

"बंतु," कुणीतरी हळूच म्हणालं. आलं.

अक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. पण यजमानरुंकडे पाहिलं आणि ते हसू मी आत ठेवलं. ते चेंबरच्या कडेला उकिडवे बसले. रंग पूर्ण वाहून जाईपर्यंत पाहत राहिले.

"ननगे गोत्तिरलिल्ल," ते म्हणाले. मला माहीत नव्हतं. मग उठले, अक्कांसमोर गेले आणि तेच पुन्हा एकदा त्यांना म्हणाले.

घर बांधताना गवंड्याने जवळ पडतं म्हणून गच्चीचा पाइप ड्रेनेजलाच जोडून दिला होता आणि त्यानंतर कुणी बघितलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, "कळलं ना आता? मग बंद करा आणि कॉफी पाजा सगळ्यांना." कॉफी आली.

ते बंद करायचं म्हणजे गच्चीचं सगळं पाणी कुठेतरी न्यायला हवं होतं. रस्त्याकडेचं गटार एवढं पाणी घेणार नव्हतं. तेव्हा यजमानरुंना परसातली विहीर आठवली. नळ आल्यावर त्यांच्या वडिलांनी तिच्यावर फरशी टाकली होती आणि वर आता दुरड्या ठेवलेल्या असत. फरशी सरकवली तेव्हा आत तळाशी थोडा ओलावा होता, बाकी कोरडी. त्यांनी ती उपसून साफ करून घेतली. गच्चीचे पाइप विहिरीकडे वळवले, मध्ये खडी, वाळू आणि कोळशाची गाळणी बांधली, आणि पावसाचं सुरुवातीचं मळकट पाणी बाहेर सोडायला एक तोटी ठेवली. समोरच्या घराने पाणी आपल्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, घेतलं. कामावर यजमानरु स्वतः उभे असत. पेढीवर जायला उशीर झाला तरी हलत नसत.

नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ झालं आणि म्हैसूरमध्ये संततधार लागली. दुपारपासून पाऊस वाढत गेला. मी गॅस बंद केला, छत्री घेतली आणि अक्कांकडे निघाले. वाटेत पाहिलं तर समोरच्या घरातलेही निघालेले. वरच्या मजल्यावरच्या मुली एका छत्रीत तिघी कोंबून आल्या. अक्कांच्या पुढच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. सगळे न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी आळीपाळीने जाऊन जाळीकडे बघून येत होते.

पाऊस तसाच कोसळत राहिला. जाळी कोरडी होती. फरशी कोरडी होती.

बाहेर यजमानरु छत्री धरून चेंबरपाशी उभे होते. झाकणाच्या फटीतून बॅटरी मारून त्यांनी आत पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या आम्हाला हाताने खूण केली: पाणी खाली, अगदी खाली, शांत वाहतंय. अक्कांनी ती खूण पाहिली. मग त्या न्हाणीघरात गेल्या आणि पदर खोचून जाळीच्या शेजारी चक्क खाली बसल्या. हाताने फरशी चाचपली.

"सुक्की," त्या म्हणाल्या.

एका मुलीने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. त्या छोट्याशा घरात पावसाच्या वर तो आवाज चढला. यजमानरु ओलेचिंब आत आले. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "दिवाळीला तुमच्या चकल्या आमच्याकडे आल्या नाहीत. आता पेढीवर वाटायला हव्यात. किती करता येतील?"

"सांगाल तितक्या," मी म्हणाले. "कढई चालू आहे."

ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

विहिरीत पाणी किती चढलं हे बघायला रोज कुणी ना कुणी त्यांच्या परसात डोकावू लागलं. यजमानरुंनी आत दोर सोडून त्याला गाठी मारल्या होत्या, आणि संध्याकाळी पेढीवरून आले की बूट काढायच्या आधी ते गाठी बघत.

पुढच्या उन्हाळ्यात कावेरीचं पाणी कमी झालं. नळ एक दिवसाआड, मग त्याहून उशिराने येऊ लागले. शेजारच्या क्रॉसमध्ये बायका सकाळपासून टँकरची वाट बघत. आम्ही पिण्याचं आणि स्वयंपाकाचं नळाचंच ठेवलं; धुण्याभांड्याला, फरशीला, झाडांना विहिरीचं. यजमानरुंनी पंप बसवून क्रॉसच्या मध्यावर एक नळ काढून दिला. अक्का तिथून दोन बादल्या भरून नेत आणि त्यांतही एक वाचवत. मी कितीदा म्हटलं, आता मोकळ्या हाताने वापरा, तर म्हणत, सवय आहे, राहू दे.

पुढच्या क्रॉसमधल्या एक बाई एका सकाळी माझ्या दारात आल्या. चिवडा हवा असेल म्हणून मी डबा उघडला.

"चिवडा नको," त्या संकोचून म्हणाल्या. "तुमच्याकडे तो रंग आहे म्हणतात."

मी बाटली दिली आणि त्यांच्याबरोबर गेलेही. अक्का शिवण टाकून मागोमाग आल्या. आम्ही परत आलो तेव्हा क्रॉसच्या तोंडाशी टँकर उभा होता. दर उन्हाळ्यात यायचा तोच, सवयीने आला होता आणि हॉर्न वाजवत होता. यजमानरु गेटपाशी आले. पंचा खांद्यावर, हातात पाण्याने भरलेली झारी.

"बेडप्पा, नको आता," ते ड्रायव्हरला म्हणाले. "आमच्याकडे आहे. पुढे जा."

टँकर मागे जात जात वळला आणि निघून गेला. त्यांनी झारीतलं पाणी जास्वंदीला घातलं आणि ती पुन्हा भरायला परसात गेले.